एक घर, एक खातं

मामाजी, तुमच्या तेरवीला लावलेला फोटो तुम्हाला मुळीच आवडला नसता. ज्योतीताईंच्या लग्नातला आहे तो. तुम्ही कुणाला तरी पंगतीत बसवत होता, तोंड अर्धवट उघडं, आणि डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात. अर्जुनीच्या फ्लेक्सवाल्याने तो हात पुसून काढला, पण खांद्याशी एक बोट राहूनच गेलं. त्या बोटाचं काय करायचं कुणाला कळेना, म्हणून हार जरा डावीकडे सरकवला. ज्या माणसाच्या हातातून मोबाईल सुटत नव्हता, त्याचाच एक धड फोटो घरात सापडू नये याचं सगळ्यांना नवल वाटलं. भाऊबंदांत बोलणं झालं, "म्हाताऱ्यानं साऱ्या गावाचे फोटो काढले, आपला एक नाई ठेवला." मी आत पुऱ्या लाटत होते. मला नवल वाटलं नाही, राग आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

आता कळलं आहे, आणि ते तुम्हालाच सांगायचं आहे. या घरात मला आता भांडायला माणूस उरलेला नाही. तुमच्या मुलाशी, दिनेशशी, भांडावं तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो. आईंशी भांडावं तर त्या रडतात. सुनेचं भांडण पूर्ण ऐकून घेऊन, चहाचा कप खाली ठेवून, "हाव, पण..." म्हणणारे एकटे सासरे तुम्ही. आणि एवढं ऐकून शेवटी करायचे तुमचंच.

आपण अडकलो ते मंडईच्या जत्रेच्या दिवशी. दिवाळी झाली होती, गावात दंडारीच्या खेळाचा मांडव पडला होता, ज्योतीताई तिरोड्याहून माहेरी आल्या होत्या, आणि दिनेशला सगळ्यांना एकदम नवे मोबाईल घ्यायची हौस आली. तुम्हाला एक, मला एक, ताईंना एक आणि त्याला स्वतःला एक. दुकानदाराने विचारलं, "काका, ईमेल किसका डालूँ?" तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "माहाच टाक. घरातला मोठा मी आहो." त्या बिचाऱ्याला काय, चारदा करायचं काम एकदाच झालं. त्याने तुमच्या नावाचं एक खातं उघडलं आणि चारही फोनांत तेच टाकून दिलं. पुढे घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरही तेच आलं. रेशनकार्ड एक, गॅसचं पुस्तक एक, तसं हेही एक. तुम्ही आम्हाला दुकानासमोर ओळीने उभं करून फोटो काढलात, आणि तो जेव्हा चारही फोनांत आपोआप दिसायला लागला तेव्हा रस्त्यातच टाळी वाजवलीत.

मी मात्र त्या दिवसापासून उघड्यावर आले.

ज्यांचा फोन त्यांचा एकट्याचा असतो त्यांना वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय. मी इकडे अंगणात रांगोळीचा फोटो काढावा, आणि तिकडे तिरोड्याहून ज्योतीताईंचा फोन यावा, "वहिनी, उजवा कोपरा चुकला तुमचा." एकदा मी अस्तराचं कापड आणायला गोंदियाला गेले होते. बाजारात शाळेतली मैत्रीण भेटली. दोघी आलू टिक्की खायला उभ्या राहिलो आणि हसता हसता एक फोटो काढला. परतीच्या एसटीत टेकते न टेकते तोच फोन वाजला. "काय वहिनी, अस्तर तिखट होतं का?" गाडीभर लोकांत माझे कान तापले. त्यानंतर कितीतरी दिवस मी फोटोच काढला नाही.

त्यात माझं काम ब्लाऊज शिवायचं. कुणाला मागे गाठ पाहिजे, कुणाला खोल गळा, कुणाला लटकन. शिवून झालं की बाईला घालायला लावायचं, पाठमोरी उभी करायची आणि फोटो काढायचा, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. आता या सगळ्या पाठी माझ्या सासऱ्याच्या फोनमध्ये! कालव्याचं पाणी, नातवंडं, आणि मधोमध पंचक्रोशीतल्या बायकांचे गळे. हे लक्षात आलं तेव्हा मी तुमच्यासमोर यायचंच टाळायला लागले. मग एका सकाळी, तोंड गोठ्याकडे करून, म्हणालात, "तुहे शिलाईचे फोटो मी बाजूले ठेवलो. वर दिसत नाई ते आता कोणाले."

फोटो असे पुसून न टाकता नजरेआड ठेवायची सोय असते, हे मलाही माहीत नव्हतं. तुम्ही कुठून शिकलात देव जाणे. मी नंतर उघडून पाहिलं, तर ब्लाऊजांच्या शेजारी माझी आलू टिक्कीही तुम्ही तिथेच नेऊन ठेवली होती.

आणि ते शटर. त्याबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. अर्जुनीच्या बाजारात एक बंद दुकान होतं आणि वर पाटी, भाड्याने देणे आहे. शिलाईचं आपलं एक दुकान असावं हे मी तोवर कुणापाशी बोलले नव्हते, दिनेशपाशीही नाही. पाटीवरचा नंबर लक्षात राहणार नाही म्हणून फोटो काढला, एवढंच. माझा फोटो म्हणजे घराचा फोटो, हे त्या क्षणी विसरले. चार-सहा दिवसांनी चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "ते शटर पश्चिमेकडे हाये. उन्हाळ्यात मशीनवर बसवणार नाई तुले. मागच्या ओळीत एक हाये, तिथं दुपारी सावली पडते." म्हणजे तुम्ही भर दुपारी अर्जुनीला जाऊन, त्या शटरसमोर उभे राहून आला होता.

मला असा संताप आला, मामाजी! माझ्या मनातली गोष्ट मनात नीट मुरलीही नव्हती आणि तुम्ही तिच्यावर ऊन कुठून पडतं ते पाहून आलात. "या घरात मनातलं ठेवायलाही जागा नाही," असं म्हणून मी कप उचलला आणि आत गेले. माझ्या दुकानावर सावली पडते का हे पाहायला तुमच्याआधी कुणी गेलं नव्हतं, आणि नंतरही कुणी गेलेलं नाही. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की माझा फोन पुन्हा कुणीतरी पाहिला. तुमचे आभार मानायचे राहिले. ते आता राहिलेच.

तिथून आपलं नेहमीचं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, सगळ्यांची खाती वेगळी करू. तुम्ही म्हणायचे, "घरचं धान घरच्या ढोलीत पाहिजे. ज्याची त्याची वेगळी ढोली केली तं उंदराईचीच मजा होते." बांबूच्या त्या ढोलीवर तुमचा भारी जीव. कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या लेखी ढोलीच होता. फोनमधले फोटो ताटातला भात, कॉम्प्युटरमधले फोटो ढोलीतलं धान. ताट रिकामं झालं तरी ढोली भरलेली. मी कितीदा सांगितलं की तसं नाही. कॉम्प्युटरवर दिसतात त्या नुसत्या बारीक प्रती, खरे फोटो तिकडे क्लाऊडवर, आणि एका जागचा पुसला की सगळीकडचा पुसला जातो. तुम्ही मान हलवायचे आणि ढोलीवरच यायचे.

शेवटी मी प्रयोगच केला. तुमच्या फोनमध्ये शेजारच्या बकरीचा एक फोटो होता, तो तुमच्यादेखत पुसला आणि तुम्हाला कॉम्प्युटरसमोर आणून बसवलं. थोड्या वेळाने तिथली बकरी गेली. दिनेशचा फोन मागवला, त्यातलीही गेली. तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. "हाव का," एवढंच म्हणालात. मला वाटलं, जिंकले. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही विषय काढला नाहीत, आणि धानाच्या रोवणीच्या गडबडीत मीही सोडून दिला. ही बकरी लक्षात ठेवा मामाजी, मी तिच्याकडे परत येणार आहे.

मग धान कापणीला आलं असताना तुम्ही गेलात. ते मी लिहीत नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि सगळ्यांच्या फोनवर एकच पाटी झळकायला लागली. जागा भरली. नवा फोटो चढेना. तुमचा फोन आता आईंकडे असतो. तो बंद करायची सोय नाही, कारण कॉम्प्युटरवरून खात्यात शिरायचं तर परवानगीचा आकडा त्याच फोनवर येतो. म्हणून तो सतत चार्जिंगला, त्या बोटवाल्या फोटोच्या खालीच. आई जमिनीवर बसून दिवसभर त्यावर बोट फिरवतात. त्यांनी आयुष्यात एक फोटो काढलेला नाही, पण वर-खाली सरकवायला शिकल्या आहेत.

ज्योतीताईंचा फोन आला. "वहिनी, परीचा एक फोटो ठेवता येऊन नाई राहिला. बाबाचे ते रोजचे पाण्याचे फोटो काढून टाका न. साऱ्या जागेत तेच भरले असतील." परी त्यांची धाकटी. दिनेश म्हणाला, "कॉम्प्युटर तुलेच जमते, तूच पाय. ते वर लिहून येऊन राहिलं न, कचरापेटी रिकामी करा म्हणून? मंग दाबून दे बटन." जागा विकत घ्यायचं मी सुचवलं, तर म्हणाला, "बाबाच्या नावानं आता नवीन काई सुरू नको करू," आणि टीव्हीकडे वळला. सगळ्यांचं बरोबर होतं. गेलेल्या माणसाचं सामान आवरायचंच असतं. ते नेहमी सुनेनेच आवरायचं असतं, हेही ठरलेलंच आहे.

दुपारी आई जरा पडल्या होत्या. मी कॉम्प्युटर लावला आणि आधी तुमचं कालव्याचं पाणी शोधायला लागले. कालव्यावरची चौकीदारी सुटून इतकी वर्षं झाली, तरी इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की तुम्ही सकाळी गेटवर जाऊन पाणी कुठवर चढलं याचा फोटो काढून आणायचेच. तेवढे काढले तरी निम्मी जागा होईल असा माझा अंदाज. पण पाणी कुठे होतं? बोटावर मोजण्याइतके फोटो निघाले. बाकी सगळा ढीग आमचा. परी एकाच फ्रॉकमध्ये पन्नास वेळा तेच हसत होती. दिनेशच्या ग्रुपवर आलेले शुभ सकाळचे गुलाब होते, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा लांबलचक व्हिडिओ होता, आणि माझ्या शिलाईचं तर विचारू नका. मी वर गेले, खाली आले. या घरातल्या सगळ्यात जास्त फोटो काढणाऱ्या माणसाचे फोटोच नव्हते.

मग बटण दाबायचं म्हणून कचरापेटी उघडली. रिकामी करायच्या आधी एकदा पाहून घ्यावं एवढी बुद्धी झाली, आणि तुम्हीच समोर आलात.

निरोप समारंभात शाल पांघरून, नारळ पोटाशी धरून बसलेले तुम्ही. आपल्या इथल्या प्रतापगडच्या यात्रेत दगडावर बसून चिवडा खाणारे तुम्ही. धरणाच्या भिंतीवर तुम्ही आणि आई, दोघांच्या मध्ये तिसरा माणूस सहज मावेल एवढी जागा सोडून. मंडईत नवी टोपी घालून. पाणी, पाणी, पुन्हा पाणी. आणि एका फोटोत तुम्ही कालव्याच्या गेटपाशी बसलेले, चपला शेजारी जोडून ठेवलेल्या, सरळ समोर पाहत. तेरवीला हाच पाहिजे होता. अगदी हाच. मी खुर्चीवर तोंडाला पदर लावून रडले, आई उठू नयेत म्हणून.

हे सगळं तुम्ही जाण्याच्या थोडं आधीच पेटीत टाकलेलं होतं. त्याआधी टाकलेले किती गेले असतील, ते आता कुणालाच कळणार नाही. पण ते दिवस मला आठवले. परीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ चढत नव्हता. ज्योतीताईंनी तुम्हालाच फोन केला होता, "बाबा, जागा नाई म्हणते." तुम्ही अंगणात उभे होता, आवाज नेहमीसारखा मोठा, "थांब, मी करतो काईतरी." आणि खाटेवर बसून तुम्ही कितीतरी वेळ फोनमध्ये मान घालून होता. मी चहा ठेवून गेले, तो गार झाला.

पंगतीत भात कमी पडेलसा दिसला की तुम्ही पहिला घास घ्यायच्या आधीच ताटातला अर्धा भात उचलून परत पातेल्यात घालायचे. "मले जास्त झाला." आई म्हणायच्या, अर्ध्या भातानं कोणाचं पोट भरते? त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं, "भरलं माहं." व्हिडिओला जागा कमी पडली तेव्हाही तुम्ही तेच केलंत. गुलाबांना हात लावला नाहीत, ट्रॅक्टरला लावला नाहीत. माझ्या बाजूला ठेवलेल्या ब्लाऊजांतला एकही तुम्ही हलवला नव्हता. फक्त स्वतःला उचललंत.

आणि इथे ती बकरी येते. तुम्हाला खरंच वाटत असतं की पुसले तरी ढोलीत राहतातच, तर मी म्हटलं असतं, म्हातारा चुकला, सगळे चुकतात. पण तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बकरी जाताना पाहिली होती. पुसलं की सगळीकडून जातं हे या घरात माझ्याखालोखाल तुम्हालाच माहीत होतं, कारण मीच शिकवलं होतं. मग माहीत असून केलंत? की "हाव का" म्हणालात तेव्हाही पटलं नव्हतं, नुसतं सुनेचं मन राखलंत? भांडण असं अर्धवट टाकून जायला नको होतं तुम्ही. मला दोन्ही उत्तरं सोसत नाहीत, आणि कुठलं खरं ते विचारायला माणूस नाही.

कचरापेटीवर लिहिलेलं होतं की थोड्या दिवसांनी यातलं सगळं आपोआप कायमचं जाईल. बटण दाबावं तर तुम्ही आज जाता. न दाबावं तर आपोआप जाता. परत वर आणावं तर जागा भरलेलीच राहते आणि सगळे माझ्या नावाने ओरडतात. कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यावं तर पेटीतला फोटो आधी वर आणल्याशिवाय उतरत नाही. जिकडे वळावं तिकडे भिंत. एकच दार होतं, आणि ते तुम्ही मला कधी उघडू दिलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी सांगितलं, "मी माझं खातं वेगळं करते. माझे फोटो काढून नेते, म्हणजे इथे जागा होईल." आईंचा हात ताटातच थांबला.

"म्हातारा जाऊन महिना नाई झाला, अन् तू वेगळी निघून राहिली?"

"आई, फोटोंचं खातं. फोनमधलं."

"खातं म्हणजे खातंच न वं. आज खातं, उद्या चूल. मले का समजत नाई?"

मी दिनेशकडे पाहिलं. तो वरणात भात कालवत होता, कालवतच राहिला. मी खूप काही बोलू शकले असते. तुमच्या लेकाला, तुमच्या बायकोला, आणि त्या दुकानदारालाही. मी उठले आणि आईंना भाजी वाढली.

पण केलं. त्याच आठवड्यात केलं. सगळ्यात आधी तुम्हाला पेटीतून बाहेर काढलं, एक न एक फोटो. लगेच तिरोड्याहून फोन, "वहिनी, काय करून राहिल्या तुम्ही? जागा तं अजून भरलेलीच हाये." मी म्हटलं, थांबा. मग माझे फोटो उतरवायला घेतले. आपल्याकडे नेट येतं ते फक्त स्लॅबवर, तुम्हाला माहीतच आहे. माझा फोन कापडी पिशवीत घालून डिशच्या खांबाला टांगला आणि खाली कॉम्प्युटरवर त्याचं नेट घेतलं. वारा आला की पिशवी हलायची आणि उतरणं थांबायचं. मग मी मशीन सोडून जिना चढायची. शेजारीण विचारायची, "काय वाळत घातलं वं पिशवीत?" काय सांगू तिला?

तुमचे पेनड्राइव्हवर घेतले. माझेही घेतले, आणि माझ्या नावाचं नवं खातं उघडून त्यात चढवले. नंतर घरच्या खात्यातून मला पुसायला लागले. रांगोळ्या गेल्या, ब्लाऊज गेले, टिक्की गेली, शटरही गेलं. मंडईतले, दिवाळीतले, जिथे जिथे मी होते ते सगळे गेले, आणि शेवटी ती पेटीही रिकामी केली. हे सोपं होतं असं समजू नका. इतकी वर्षं ज्यातून सुटायला तडफडले, त्यातून एकेक बोट सोडवताना मी दर फोटोपाशी थांबत होते. जागा मात्र झाली. ज्योतीताईंचा फोन आला नाही, यावरूनच समजलं. मी कात्रीचा एक फोटो काढला, नव्या खात्यात. कुणी काही म्हटलं नाही. बरं वाटलं, आणि थोड्या वेळाने घर फार शांत वाटायला लागलं.

दोन दिवसांनी आई तुमचा फोन घेऊन माझ्या मशीनपाशी आल्या. चार्जरची वायर तशीच लोंबत होती.

"हे कुठून आले वं? प्रतापगडचा हाये हा. माह्या हातचा चिवडा हाये त्याच्यात." हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. धरणावरचा फोटो दाखवून म्हणाल्या, "पाय, कसा दूर उभा राहिला. लोकं पाहतील म्हणे." बराच वेळ माझ्या शेजारी बसून त्या तुम्हाला वर-खाली करत राहिल्या. मग बोट थांबलं.

"पण तू काऊन नाई दिसत?"

मी मशीन थांबवली.

"मंडईत तू होती. मले आठवते, त्यानं तुले समोर उभं केलं होतं. सारे हायेत, तूच नाई. कुठं गेली तू?"

मी समजावायला लागले, आई, जागा नव्हती, त्यांचे वाचवायचे होते, म्हणून माझे दुसरीकडे नेले. त्यांनी अर्धंही ऐकलं नाही. "उठ," म्हणाल्या. मला हाताला धरून दारात नेलं, उजेडाकडे तोंड करून उभं केलं, आणि तुमचा फोन तुम्ही धरायचे तसा डोळ्याच्या अगदी जवळ धरला. कुठे दाबायचं ते मी दाखवायला गेले तर ओरडल्या, "हलू नको. मले माहीत हाये." गळ्यात टेप, केसांत दोरे, अशीच मी उभी राहिले. त्यांनी दाबलं. "एक तरी इथं राहू दे," म्हणाल्या आणि वायर गोळा करत आत गेल्या.

फोटो बघण्यासारखा नाही, मामाजी. माझं अर्धं डोकं कापलं गेलं आहे आणि कोपऱ्यात आईंचं भलं मोठं बोट आहे. पण तो तुमच्या खात्यात चढला, चारही फोनांत गेला, कारण माझ्या फोनमधलं तुमचं खातं मी काढलेलं नव्हतं, आणि कॉम्प्युटरवर आला. आता तो मला काढता येणार नाही. मी इथून काढला की आईंच्या हातातूनही जाईल, हे मी बकरीवरूनच तुम्हाला शिकवलं आहे. म्हणजे खातं वेगळं करूनही मी तुमच्याच ढोलीत अडकले. कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

काल अर्जुनीला गेले होते, तुमचा गेटपाशी बसलेला फोटो मोठा करून आणायला. येताना बाजारात मागच्या ओळीत गेले. भर दुपार होती. तुम्ही सांगितलेलं ते दुकान अजून बंदच आहे, आणि तुम्ही म्हणाला तशी शटरवर पूर्ण सावली होती. मी सावलीत थोडा वेळ उभी राहिले आणि फोटो काढला. माझ्या फोनवर आता दोन खाती आहेत, कुठल्यात ठेवू असं तो विचारतो. मी तुमच्यात ठेवला.

एसटीत टेकते न टेकते तोच फोन वाजला. ज्योतीताई. "काय वहिनी, हे कोणाचं दुकान?"

"बाबांनी माझ्यासाठी पाहून ठेवलेलं आहे," मी म्हणाले, गाडीभर लोकांत, मोठ्याने.